जुलेखानं बांधलेली वाळू

खरबूज आणायला गेले होते, दुसरं काही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या भागात आखाजीला घरच्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्या तोंडावर खरबूज ठेवतात, बाजूला आंबा आणि सांजोरी. सासऱ्यांची घागर दरसाल मीच भरायची. खरबूज विकत घ्यायची आम्हाला गरज नाही, आमची वाडीच गंगेत. गंगा म्हणजे गोदावरी. निफाडकडं तिला दुसऱ्या नावानं हाक मारणारा माणूस मी बघितला नाही. पावसाचं पाणी उतरलं की पात्रातली वाळू उघडी पडते. मार्गशीर्षात त्या वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे घ्यायचे, शेणखत घालायचं, बी टोचायचं. वैशाखात फळ हाताला येतं.

मी टोपली उचलली तेव्हा रावजी माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. रावजी म्हणजे माझा धाकटा दीर. त्याचं घर समोरच, पण त्या साली त्याला माझाच ओटा गोड लागायला लागला होता.

“वहिनी, खरबुजं दोन आणा.”

“दोन कशाला?”

“एक आबांच्या घागरीवर. एक वाल्मीकदादाच्या.”

मी टोपली खाली ठेवली. “मढं दाखवा, भावजी. मढं दाखवलं की दोन घागरी भरते, कुंकू पुसते, बांगड्या फोडते, तुम्ही म्हणाल ते करते. मढं नाय तर घागर नाय.”

“आठ महिने झाले, वहिनी. लोक हसत्यात.”

“हसू द्या. दात हायेत त्यांना.”

वाल्मीक म्हणजे आमचे मालक. भाद्रपदात गंगा दुथडी भरून चाललेली असताना ते पलीकडच्या गावी बैल बघायला गेले. नावेतून गेले, नावेतूनच यायचे होते. शेवटच्या नावेत ते नव्हते. दुसऱ्या दिवशी रावजी पलीकडं जाऊन त्यांच्या वहाणा घेऊन आला. काठावर जवळजवळ काढून ठेवलेल्या मिळाल्या म्हणाला. माणूस मिळाला नाही.

आता आमच्या काठची रीत सांगते, म्हणजे रावजीला एवढी घाई का होती ते कळेल. वाडीचा पहिला खड्डा जोडप्यानं घ्यायचा. पुरुष खणतो, बाई बी टाकते. विधवेला खड्डा घेता येत नाही. तिची वाडी दिराकडं जाते, आणि मग ती दिराच्या बायकोनं थापलेली भाकरी मान खाली घालून खाते. त्या मार्गशीर्षात मी मालकांचं उपरणं कमरेला बांधलं आणि एकटीनं खड्डा घेतला. कुणी विचारलं तर सांगितलं, नवरा परगावी हाय. रावजीला मी रांडव व्हायला हवी होते ती वाडीसाठी. मला व्हायचं नव्हतं तेही वाडीसाठीच. माया वगैरे होती, नव्हती असं नाही, पण आधी भाकरी.

“एकच आणीन,” असं म्हणून मी निघाले.

दुपार कलायला लागली होती. वैशाखाचा पश्चिमेचा वारा सुटलेला. गंगेचं पात्र म्हणजे नुसता तवा, आणि वारा त्या तव्यावरची वाळू उचलून घोट्यावर मारत होता. तोंड उघडलं की दाताखाली करकर. पाण्याची धार पार पलीकडच्या काठाला, दोरीएवढी राहिलेली. माणूस कुठं दिसत नव्हतं. सणाची तयारी सोडून उन्हात कोण येईल!

माझ्या वाडीच्या खालच्या अंगाला, उगवतीकडं, जुलेखाची वाडी. ती हबीबची बायको. हबीब आमच्याच गावचा; तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला होता आणि तिथून श्रीवर्धनकडची बायको करून घेऊन आला. वीस वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातला ‘गो’ गेला नाही. आणि गावातल्या बायकांनी तिला ‘कोकणीण’ म्हणायचं सोडलं नाही. कोकणातली बाई म्हणजे करणी जाणणारी, अशी आमच्याकडची अक्कल. मी ती मानत नव्हते. म्हणजे, त्या दुपारपर्यंत मानत नव्हते असंही आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वाळूचं सगळं मला तिनंच शिकवलं. आम्ही नदीकाठची माणसं, पण आम्हाला वाळू म्हणजे पाण्यानं आणून टाकलेला कचरा. तिच्या माहेरी दर्या. तिथं वाळू वाऱ्यावर चालते. वाड्या लावताना एकदा आम्ही दोघी पश्चिमेच्या बाजूला काट्याकुट्यांची वई, म्हणजे कुंपण, घालत बसलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं होतं.

“वाळू आपली आपण बसत नाय गो, मालनबाय. तिला अडवायला कुणीतरी लागतं. काटकी असो, दगड असो, मेलेलं कुत्रं असो. वारा त्याच्यावर आपटतो, दमतो, आणि ओंजळीतली वाळू त्याच्या पाठीमागं सांडून पुढं जातो. त्या सांडलेल्या वाळूवर उद्याची वाळू अडते. आमच्याकडं माडाएवढ्या टेकड्या आहेत. सगळ्या अशाच कशावर तरी अडून सुरू झालेल्या.”

“आन् वाढत वाढत गावावर आली तर?”

“येते की. वाऱ्याबरोबर चालते ती. घरं गिळते. म्हणून तिला बांधावी लागते.”

“दाव्यानं?” मी हसले.

ती हसली नाही. “वेलीनं.”

माहेराहून येताना एकदा तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून त्या वेलीचं पेर आणलं होतं. मर्यादवेल. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, फूल जांभळं. दर्या हिची मर्यादा मोडून पुढं येत नाही म्हणून हे नाव. गंगेच्या गोड पाण्यावर ती जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण जगली. जुलेखाच्या वाडीमागं वाळूचा एक लांबट उंचवटा होता, त्यावर तिनं ती पसरवली आणि पाच-सहा वर्षांत मी डोळ्यांनी बघितलं. वेल बसली, वाळू थांबली. वेलीच्या सावलीत आधी मुंग्या आल्या. मग कुठून तरी गवताचं बी. मग सरडे. मग टिटवीनं तिथं अंडी घातली, आणि एका साली गंगेतली कासवीण रांगत वर येऊन खड्डा करून गेली. “बघ,” जुलेखा म्हणायची, “आता ही वाळू राहिली नाय. घर झालं.”

हे सगळं चांगलं होतं. पण त्या पौषात दुसरी टेकडी झाली.

माझ्या आणि जुलेखाच्या वाडीच्या मध्ये मोकळी जागा होती. तिथं खडा नव्हता, काटकी नव्हती; मी रोज तिथून चालत होते. एका सकाळी तिथं वीतभर वाळू साचलेली दिसली. माघात गुडघ्याएवढी. फाल्गुनात बघितलं तर जुलेखानं तिच्यावर मर्यादवेल लावलेली. चैत्र उलटला तेव्हा ती कमरेएवढी उंच आणि पुरुषभर लांब झाली होती, वेलीनं गच्च झाकलेली. मी विचारलं, हे कशावर अडलंय गं? ती म्हणाली, “असेल पुरात आलेलं लाकूड.” आणि पाणी शेंदायला गेली. जुलेखा बोलता बोलता उठून जाणारी बाई नाही.

पाणवठ्यावर बायका कुजबुजायला लागल्या, कोकणिणीनं काहीतरी बांधलंय. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं बांधतात ते काय. गुरं बांधतात, नाहीतर भूत बांधतात. वाळू बांधतात हे कुणी ऐकलेलं नाही. मी ऐकलेलं होतं. तरी तो शब्द कानात राहिला, काटा रुतून राहावा तसा.

त्या दुपारी मी खरबूज तोडायला वाकले आणि मान वर केली, तर समोर ती टेकडी. आणि मला पहिल्यांदाच दिसलं की तिच्यावर वेलीशिवाय काही नाही. मुंगीची रांग नाही, गवताची काडी नाही. टिटवी ओरडत आली, तिच्यावरून जायच्या ऐवजी वळसा घालून गेली. टेकडीच्या पाठीमागं, उगवतीकडं, वाळूत पाच काठ्या रोवलेल्या होत्या. एका ओळीत, एकेका हातावर. मी त्या ओळीनं नजर पुढं नेली. पाच काठ्या, मग टेकडी, मग माझी वाडी, मग माझी राखणीची खोप. खोपीचं दार.

डोक्यात रावजीचं बोलणं होतंच. पुरुषभर लांब. भाद्रपदातला पूर. मी टोपली टाकली, खुरपं घेतलं आणि गेले. म्हटलं, आज निकाल. आत मालक असतील तर उद्या दोन घागरी भरीन, कुणाच्या बापाला भिणार नाही. नसतील तर रावजीच्या तोंडावर वाळू फेकीन.

वेल उपटायला सोपी नव्हती. पेरापेराला मूळ. एक दोरी ओढली की दहा हातांवरची वाळू हलायची. मी पायानं रेटून, दातओठ खाऊन ती ओढत होते, तेवढ्यात जुलेखा तिच्या खोपीतून धावत आली. डोक्यावरची ओढणी गळ्यात, पाय अनवाणी.

“नको गो! मालनबाय, नको... बांधलेलं सोडू नको!”

झालं. तो शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटला.

“काय बांधलंस?” मी उभी राहिले. खुरपं हातातच होतं. “माझा नवरा बांधलास?”

“वाळू बांधली. वाळू गो...”

“वाळू बांधायला इथं तुझा दर्या हाय? गाव खोटं बोलत नव्हतं तर. तुला ठावं होतं आत काय हाय ते. मी तिकडं दिराशी भांडत बसले, मढं दाखव, मढं दाखव, आन् तू त्यावर फुलं लावून बसलीस!”

“अल्लाची आण, आत काय आहे मला माहीत नाय.” ती धापा टाकत वाळूत बसली. “ऐकून घे. मग खण. पौषात ही वाळू पहिल्यांदा साचली ना, तेव्हा मी बघायला आले. मागं सांडलेली वाळू होती. लांब, निमुळती, पडते तशी. पण तिच्या पुढं काही नव्हतं. दगड नाय. लाकूड नाय. वारा कशावर तरी आपटत होता, मला आवाज येत होता... पण तिथं काही नव्हतं.”

मी खुरप्याला अडकलेली वेल झटकून टाकली.

“मी काठी रोवली. आठ दिवसांनी बघितलं तर टेकडी काठीच्या हातभर पुढं. कुठं पुढं? उगवतीला जायला पाहिजे, वाऱ्याबरोबर. ही मावळतीला गेली. वाऱ्याच्या उलट... दुसरी काठी रोवली. पुन्हा हातभर. आमच्याकडं म्हाताऱ्यांनी टेकड्या गावावर येताना बघितल्या, वाऱ्याच्या उलट चालणारी कुणी बघितली नाय. पाच काठ्या झाल्या तेव्हा मी वेल लावली. वेल बसल्यावर थांबली.” तिनं माझ्या खोपीकडं बोट केलं. “तुझ्या दाराकडं निघाली होती.”

मी तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी मी थांबायला पाहिजे होतं. पण मी माझ्या जन्मात मधेच थांबलेली नाही. आणि दुसरं म्हणजे, तिच्या बोलण्यानं मला भीती वाटली नाही, राग आला. आठ महिने जो माणूस आला नाही तो माझ्या दाराकडं यायला निघाला होता, आणि हिनं त्याला अडवला.

मी टेकडीच्या बगलेतून खणायला लागले. वरची वाळू कोरडी, हातभर आत ओली आणि गार. मग मुळं लागली. पांढरी, शेवयांसारखी, हजारो. मुळं ओलीकडं सरळ खाली जातात, मी आयुष्यभर माती उकरली आहे. ही सरळ गेली नव्हती. वाटेत वळली होती. एका जागेला बाहेरून वळसा घालून, एकमेकांत गुंतून, मग खाली गेली होती. बुरुडानं विणावी तशी लांबट टोपली झाली होती त्यांची. मी बोटं घालून ती फाकवली.

आत वाळू नव्हती.

पोकळी होती. डोळे बसायला वेळ लागला. मग खांदा दिसला. म्हणजे खांद्याची जागा. बरगड्यांची जागा. एक गुडघा पोटाशी घेतलेला, एक पाय लांब. माणूस डाव्या कुशीवर झोपल्यावर जेवढी जागा घेतो तेवढी जागा मुळांनी सोडली होती, एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. हाड नाही, चिंधी नाही, केस नाही. नुसता वास होता. ओल्या घोंगडीचा. ते बैल बघायला गेले तेव्हा खांद्यावर घोंगडी टाकून गेले होते.

आणि ते असेच झोपायचे. डाव्या कुशीवर, गुडघा पोटाशी घेऊन.

“काय आहे?” जुलेखा लांबूनच म्हणाली.

“ये, बघ.”

“नाय... तू सांग.”

“काय नाय,” मी म्हटलं. “कुणी नाय.”

पश्चिमेकडं आभाळ पिवळं पडत चाललं होतं. ऊन असूनही सावल्या नाहीशा झाल्या होत्या. मी त्या पोकळीत उजवा हात घातला. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गार होतं आत. विहिरीच्या तळाशी असतं तसं. हात कुठंच कशाला लागेना. एवढी वाळू वर, एवढा मी धक्का दिलेला, पण एक कण आत पडत नव्हता.

बावीस वर्षांत मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल ते सोडा. त्या वेळी मी तोंड त्या भोकाशी नेलं आणि नावानं हाक मारली.

“मालनबाय, नाव नको...”

मी परत हाक मारली. मग माझ्या मनगटावर काहीतरी आलं. धरलं म्हणता येणार नाही. ओला कपडा वरून ओढत न्यावा तसं, मनगटावरून पंजाकडं, बोटांकडं, अगदी सावकाश. दुखलं नाही. मी हात बाहेर काढला आणि वाळूत मागं पडले.

तेवढ्यात वारा आला. असा वारा मी त्याआधी बघितला नव्हता. आभाळ आणि पात्र एक झालं, दिवसाढवळ्या अंधार. जुलेखानं मला दंडाला धरून ओढलं, आम्ही तिच्या खोपीत घुसलो आणि एकमेकींच्या अंगावर पालथ्या पडून राहिलो. कुडातून वाळू पिठासारखी आत येत होती. आणि बाहेर तो आवाज, तिनं सांगितला होता तो. वारा मोकळ्या पात्रात कशावर तरी आपटत होता. एका जागी नाही. आधी लांब. मग जवळ. मग खोपीवरून पुढं, माझ्या वाडीच्या बाजूला... आणि मग गावाच्या बाजूला.

थांबलं तेव्हा आम्ही बाहेर आलो. टेकडी नव्हती. नुसती सपाट वाळू, आणि तिच्यावर उपटलेली वेल मेलेल्या सापासारखी पडलेली. पाचही काठ्या जागच्या जागी उभ्या होत्या.

जुलेखा माझ्याकडं बघत होती. तोंडाकडं नाही, हाताकडं.

“मालनबाय... बांगड्या?”

उजवं मनगट मोकळं होतं.

आठ हिरव्या बांगड्या होत्या त्या हातात. निसारचाचा मणियारानं श्रावणात भरलेल्या. माझा हात रुंद, हाडाचा. चाचा साबण लावून, पंजा चोळून चोळून एकेक बांगडी चढवतो, आणि एकदा चढली की ती फुटल्याशिवाय निघत नाही. मी हात उलटासुलटा केला. ओरखडा नाही, रक्त नाही. जिथं खणलं होतं तिथली वाळू आम्ही दोघींनी चाळून काढली. काचेचा तुकडा नाही. डाव्या हातातल्या आठ जागेवर होत्या.

एका हातानं मी सवाष्ण होते आणि एका हातानं रांडव.

“त्यानंच उतरवल्या गो,” जुलेखा हळूच म्हणाली. “तू विचारलंस, त्यानं सांगितलं.”

“गप बस. कुणाला बोललीस तर जीभ उपटीन.”

ती रागावली नाही. माझ्या वेलावरचं एक खरबूज तिनं तोडून टोपलीत ठेवलं, माझा पदर ओढून त्या हातावर घातला, आणि म्हणाली, “दिरानं बघायच्या आत भरून घे.”

बरोबरच होतं ते. रावजीनं तो हात बघितला असता तर दुसरा त्यानं दगडावर आपटला असता. मी गावात शिरले ती घरी गेलेच नाही, सरळ निसारचाचाकडं गेले. दिवे लागायच्या आधीचा उजेड होता. चाचा त्याच्या ओट्यावर बसलेला. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं तो आवाजानं ओळखतो आणि बांगड्या बोटांनी भरतो. सगळ्या गावाच्या बायकांचे हात त्याला पाठ.

“मालन का गं? वाढल्या का बांगड्या?” फुटल्या असं तो कधी म्हणायचा नाही.

“हां चाचा. उजव्या हातातल्या. लवकर भरा.”

“सणाच्या तोंडाला सगळ्यांना लवकर.” त्यानं साबणाचं पाणी घेतलं, माझा पंजा चोळला, बोटं मुडपली आणि बांगडी सरकवली. पंजावरून ती अलगद गेली. मनगटाशी आली आणि थांबली. टण् असा आवाज झाला. काचेवर काच लागावी तसा.

त्यानं पुन्हा सरकवली. पुन्हा तोच आवाज.

“थट्टा करतेस व्हय म्हाताऱ्याची?” तो हसला. “भरलेला हाय की हात. आठ आधीच्या हायेत, आणखी कुठं घालू?”

माझं मनगट माझ्या डोळ्यांसमोर उघडं होतं.

“नाय चाचा... मोकळा हाय.”

त्यानं बोटांनी चाचपलं, एकेक मोजत गेला, कोपराच्या बाजूला, आणि त्याचं हसू गेलं. हात काढून घेतला. लुंगीला पुसला. “ह्या मी भरलेल्या नाय गं,” तो म्हणाला. “ह्या ओल्या लागतात.” आणि आत निघून गेला. नवी बांगडी ओट्यावर तशीच राहिली.

मी घरी आले. दारात रावजी. त्यानं दोन नव्या घागरी धुऊन ओट्यावर पालथ्या घातल्या होत्या.

“एकच आणलंत?”

“सांगून गेले होते.”

टोपली उतरवताना पदर सरकला. मी थकले होते, लक्ष राहिलं नाही. त्यानं बघितलं. आधी त्याला कळलं नाही, मग तोंडभर कळलं.

“हात्तिच्या! तुम्हीच उतरवल्या व्हय! मग मला का आठ महिने मढं दाखवा, मढं दाखवा...” तो उठला. आनंदच झाला होता त्याला, लपवताही येईना. “चला, निम्मं काम झालं. आता दुसरा हात आणा हिकडं. पायरीवर चार जणांसमोर करू, म्हणजे उद्या घागरीला कुणी बोट ठेवायला नको.”

“हात लावू नका, भावजी.”

“आता कशाला लाजता?” असं म्हणून त्यानं मला पायरीकडं ओढायला माझं उघडं मनगट धरलं.

काच वाजली. त्यानंही ऐकली. तो तसाच उभा राहिला, अर्धवट वाकलेला. ओढेना, बोलेना. मी हाताला हिसका दिला तर माझ्याबरोबर तोही एक पाऊल पुढं आला.

“सोडा की,” मी म्हटलं.

“वहिनी...”

“सोडा म्हणते ना.”

“मी नाय धरलेलं,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पोराचा असतो तसा. मी खाली बघितलं. त्याची पाचही बोटं उघडी होती, ताठ, फाकलेली. त्याचा पंजा माझ्या मनगटाला टेकलेलाही नव्हता. आणि तरी त्याला हात मागं घेता येत नव्हता. त्याच्या मनगटावरची कातडी चहूबाजूनं आत दबली होती, पांढरी पडली होती, आणि तिथून पाणी गळत होतं. गढूळ पाणी. भाद्रपदात असतं तसलं.

“वहिनी... सोडायला सांगा.”

“कुणाला?”

तो रडायला लागला. नाव घेईना.

मी दारातच उभी राहिले, त्याच्याकडं बघत. सांगायची मी काही घाई केली नाही.